मनगटावरचा मुनीम

बँकेत नोकरीला असताना माझा गोपनीय अहवाल वर्षातून एकदा लिहिला जात असे, आणि तो लिहिणाऱ्या साहेबांना निदान माझे नाव ठाऊक असे. निवृत्तीनंतर हा अहवाल रोज सकाळी पावणेसातला लिहिला जातो. लिहिणारे साहेब जेमतेम दीड इंचाचे आहेत. ते माझ्या डाव्या मनगटावर बसतात, माझ्या आंघोळीच्या वेळी चार्जरवर विश्रांती घेतात, आणि शेरा मारताना कोणाची भीड म्हणून ठेवत नाहीत. गेल्या मे महिन्यात, ऐन उकाड्याच्या दिवसांत, आठ किलोमीटर धावून घामाने निथळत घरी आलो, तेव्हा त्यांनी माझ्या साऱ्या परिश्रमांवर एका शब्दात शेरा दिला : ‘अनुत्पादक’.

हा शब्द बँकेत आम्ही फार जपून वापरत असू. कर्जाचा हप्ता थकला तरी ९० दिवस वाट पाहायची आणि मगच ते खाते अनुत्पादक ठरवायचे, असा दंडक असतो. या घड्याळाने मला अठरा दिवसांत त्या यादीत नेऊन बसवले. नोटीस नाही, मुदतवाढ नाही, खुलाशाची संधीही नाही. वास्तविक उन्हाळ्यात नेहमीच्याच वेगाने धावले, तरी अंग थंड राखण्यासाठी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. घड्याळाला वाढलेले ठोके दिसले; ऊन दिसले नाही. गावात दुष्काळ पडलेला असताना शाखाधिकाऱ्याने केवळ खातेवही पाहून शेतकऱ्याला नालायक ठरवावे, तशातला हा प्रकार.

वाचकहो, या सदरात एरवी मी बचत, विमा, वारसनोंद अशा रुक्ष विषयांवर लिहितो. या महिन्यात घड्याळावर लिहीत आहे, पण विषय फारसा बदललेला नाही, कारण हे घड्याळ म्हणजे एक हिशेबनीसच आहे. हल्ली पेढीवर जावे तर गल्ल्यावर बसलेल्या तरुणाच्या मनगटावर ते असते आणि आत बसलेल्या त्याच्या आजोबांच्या मनगटावरही असते. तळजाईच्या टेकडीवर आमचा जो पहाटेचा धावणाऱ्यांचा गट आहे, त्यात मार्केट यार्डातील एक भुसार व्यापारी, एक कापडवाले शेठ, एक सनदी लेखापाल, एक डॉक्टर आणि दोन-तीन संगणक अभियंते आहेत. पाय सोळा, घड्याळे आठ. धावणे संपल्यावर अर्धा तास चर्चा चालते ती धावण्याची नव्हे, तर कोणाच्या घड्याळाने काय लिहिले याची. या चर्चांतून माझे एक मत बनले आहे, आणि ते व्यापारी घरांना लवकर पटेल असे वाटते. ताळेबंदातील सर्व मालमत्ता सारख्या भरवशाच्या नसतात. रोख शिल्लक वेगळी, खात्रीचे येणे वेगळे, संशयित येणे वेगळे आणि गुडविल तर सर्वांहून वेगळे. घड्याळ मात्र हे सर्व एकाच अक्षरात, एकाच आकारात आणि एकाच आत्मविश्वासाने दाखवते. त्यांची वर्गवारी आपणच करायची असते.

रोख शिल्लक म्हणजे वेळ. किती मिनिटे धावलो, हा या घड्याळाचा सर्वांत विश्वासार्ह आकडा. त्यात उपग्रहांचा संबंध नाही, अंदाज नाही. गंमत अशी की घड्याळ विकत घेताना या गुणाची कोणीच चौकशी करत नाही. तो तर आमच्या वडिलांच्या चावीच्या घड्याळातही होता.

त्यानंतर खात्रीचे, पण थोडे मागेपुढे होणारे येणे, म्हणजे अंतर. हे अंतर जीपीएसच्या उपग्रहांवरून काढले जाते. हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरत असतात. त्यांचा संदेश आपल्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला यावरून घड्याळ आपले ठिकाण ठरवते, आणि त्यासाठी एका वेळी निदान चार उपग्रहांचा संदेश मिळावा लागतो. हे काम किती नाजूक आहे पाहा : प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, म्हणून वेळ मोजण्यात सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. एवढ्या दुरून एवढा बारीक हिशेब होतो, याबद्दल हात जोडावेत असेच हे काम आहे. पण हात जोडायला मोकळा असायला हवा. धावण्याआधी संदेश मिळेपर्यंत आम्ही आठही जण डावा हात आकाशाकडे करून निश्चल उभे असतो. फिरायला येणाऱ्या एका आजींनी एकदा थांबून विचारले, “कुठला योग हा? गुडघ्यांना चालतो का?”

मोकळ्या मैदानावर हा हिशेब बहुधा काही मीटरांच्या फरकाने जुळतो. पण दाट झाडीत संदेश क्षीण होतो, आणि उंच इमारतींच्या मधून जाताना तो भिंतीवर आपटून, वळसा घेऊन येतो. लांबून आला म्हणून घड्याळाला आपण भलतीकडेच आहोत असे वाटते. रविवारी आम्ही सारसबागेवरून लक्ष्मी रस्त्याने शनिवारवाड्यापर्यंत जातो. घरी येऊन नकाशा पाहावा, तर पहाटे सहा वाजता, शटर बंद असताना, मी ओळीने चार सराफांच्या पेढ्यांतून आरपार गेल्याची रीतसर नोंद असते. पुढे लकडी पुलावर माझी रेघ पूल सोडून मुठेच्या पाण्यातून जाते. उद्या कोठे काही कमी-जास्त झाले, तर हा मुनीम माझ्याविरुद्ध साक्षीला उभा राहील, अशी मला धास्ती आहे.

अंतराच्या बाबतीत धावपटूंची एक तक्रार अगदी ठरलेली असते. मुंबईची मॅरेथॉन सुरू झाली २००४ साली, जानेवारीतील त्या शर्यतीहून परतलेला प्रत्येक जण सांगतो, “आयोजकांनी अर्धा किलोमीटर जास्त पळवले. माझ्या घड्याळात ४२.७ आले.” मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. मग हा अर्धा किलोमीटर आला कोठून? यामागची पद्धत व्यापारी वाचकांना आवडेल. अशा शर्यतींचा मार्ग उपग्रहावरून मोजत नाहीत. सायकलच्या पुढच्या चाकाला एक गणक बसवतात, पोलादी फितीने मोजलेल्या सरळ रस्त्यावर आधी ती सायकल पारखून घेतात आणि मग मार्गावर चालवतात, तीही वळणावळणावर सर्वांत जवळचा रस्ता धरून. मार्ग मोजून झाला की पुन्हा त्या सरळ रस्त्यावर सायकलची पारख होते. एवढे करूनही अंतर कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम जादा धरतात. म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला सुमारे ४२ मीटर. आपल्याकडे सचोटीचा दुकानदार ज्याला झुकते माप म्हणतो, ते हेच. बाकीची वाढ धावणाऱ्याची स्वतःची असते. गर्दीत तो डावीकडून उजवीकडे जातो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो, वळणे बाहेरून घेतो. शिवाय घड्याळाचे बिंदू किंचित इकडेतिकडे पडतात आणि ते सांधणारी रेघ नागमोडी होऊन लांबते. तराजूवर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असतो. मुदतीत फेरतपासणी झाली नाही तर दंड होतो. शर्यतीच्या मार्गालाही असाच पारखलेला काटा लागतो. मनगटावरच्या काट्यावर असा कोणताही शिक्का नसतो. म्हणून भांडण झाले, तर मान आयोजकांच्या सायकलीला द्यावा.

आमच्या भुसारवाल्या शेठना हे पटते, पण स्वभाव आड येतो. धावणे संपवून ते सोसायटीच्या फाटकाशी आले आणि घड्याळात ९.९७ दिसले, की ते वाहनतळात गाड्यांभोवती फेऱ्या मारू लागतात. दहा पुरे होईपर्यंत घरात पाऊल टाकत नाहीत. पहारेकरी आता त्यांच्याकडे पाहतही नाही. मी एकदा म्हटले, “शेठ, तीस मीटरने काय बिघडते? ते घड्याळ मुळात तेवढे अचूक नाही.” त्यावर ते म्हणाले, “साहेब, रोकड जुळल्याशिवाय तुमची बँक तरी बंद होत होती का?” रोकड जुळेना म्हणून रात्री नऊ-नऊपर्यंत शाखेत बसलेल्या माणसाकडे याला उत्तर नव्हते.

पावलांचा हिशेब आणखी मजेदार. घड्याळाला पाय दिसत नाहीत. त्याला हात हललेला कळतो आणि त्यावरून ते पाऊल टाकले असेल असे समजते. माझ्या सौ.च्या हातावर एकदा ते बांधून पाहिले. ओट्यापासून न हलता पोळ्या लाटून होईपर्यंत तिच्या खात्यावर साडेतीनशे पावले जमा झाली होती. उलट मी नातवाला बाबागाडीतून बागेत फिरवून आणले, तर दोन्ही हात दांड्यावर स्थिर असल्यामुळे त्या फेरीची जवळजवळ काहीच नोंद झाली नाही. ज्याने मेहनत केली त्याचे खाते कोरे, आणि जमा भलतीकडेच.

रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, हा दंडकही कोणा वैद्याने घालून दिलेला नाही. १९६४ साली टोकियोला ऑलिंपिक झाले आणि जपानमध्ये व्यायामाची लाट आली. दुसऱ्याच वर्षी तेथील एका कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा गोल होता, लक्षात राहण्याजोगा होता. मालाचे नाव कसे असावे हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पुढे ते विक्रीचे नाव साऱ्या जगाचे आरोग्यसूत्र होऊन बसले. २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४,४०० चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. पावले वाढली तसे ते आणखी घटत गेले आणि साधारण ७,५०० नंतर स्थिरावले. तेव्हा ज्या वडीलधाऱ्यांच्या पावलांचा आकडा सहा हजारांवर थांबतो, त्यांनी रात्री जेवणानंतर दिवाणखान्यात येरझाऱ्या घालून घरच्यांना घेरी आणू नये.

आता हृदयाचे ठोके. घड्याळ मनगटावरून काढून उलटे धरा. मागे हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. ठोक्याबरोबर त्वचेखाली रक्ताची लाट आली की परत येणारा प्रकाश कमी होतो, ती ओसरली की वाढतो. या चढउतारावरून ठोके मोजले जातात. माणूस स्थिर बसलेला असेल, पट्टा नीट बसला असेल, तर हा आकडा बहुधा चांगला येतो. धावताना मात्र हात हलतो, पट्टा सैल असला की कडेने उजेड शिरतो, आणि कधी कधी घड्याळ हृदयाचे ठोके सोडून पावलांचेच ठोके मोजू लागते. मिनिटाला माझी पावले पडतात १६५. एके दिवशी हृदयाचे ठोकेही बरोबर १६५ दिसू लागले आणि मनगटाने थरथरून धोक्याचा इशारा दिला. २२० मधून वय वजा करावे, ती आपल्या ठोक्यांची कमाल मर्यादा, असे एक सूत्र सर्वत्र सांगतात. माझे वय ६६, म्हणजे मर्यादा १५४. त्या हिशेबाने मी त्या क्षणी तळजाईवर गतप्राण होऊन पडायला हवे होते. प्रत्यक्षात मी भुसारवाल्या शेठांशी तुरीच्या भावावर सविस्तर बोलत होतो.

ते सूत्रही अंदाजाचेच. १९७०च्या सुमारास उपलब्ध आकडेवारीवरून काढलेली ती एक ढोबळ रेघ आहे. सारख्या वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. २००१ साली मांडलेल्या दुसऱ्या एका सूत्रात २०८ मधून वयाची सात-दशांश पट वजा करतात. त्याप्रमाणे माझी मर्यादा १६२ येते. दोन मुनीम, दोन शिल्लका. आमचे डॉक्टर यावर एक बिनखर्चाची कसोटी सांगतात : धावताना पूर्ण वाक्ये बोलता येत असतील, तर श्रम बेताचे आहेत, दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर जास्त आहेत. तुरीचा भाव धाप न लागता सांगता येणे, ही आमच्या गटाची अधिकृत मोजणी आहे.

संशयित येण्यांत पहिला मान कॅलरींचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली मनगटावरच्या सात उपकरणांची ६० स्वयंसेवकांवर तपासणी केली. ठोके मोजण्यात सातांपैकी सहांची सरासरी चूक ५ टक्क्यांच्या आत निघाली, ही कौतुकाची गोष्ट. परंतु खर्ची पडलेल्या ऊर्जेचा आकडा एकालाही धड सांगता आला नाही. त्यातल्या त्यात बऱ्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के, तर सर्वांत वाईटाची ९३ टक्के. अशा येण्यावर बँक एक रुपया उचल देणार नाही. आपण मात्र देतो. “आज सहाशे कॅलरी जाळल्या” असे म्हणून आमचे लेखापाल मित्र धावण्यावरून थेट जिलबीच्या दुकानाकडे वळतात. ज्याची वसुली अनिश्चित आहे अशा रकमेवर त्यांनी रोख खर्च केलेला असतो. दुसऱ्याच्या ताळेबंदात हे दिसले असते, तर त्यांनी लाल शाईने शेरा मारला असता.

सर्वांत शेवटी गुडविल. झोपेचे गुण, शरीराचे वय, तयारीची टक्केवारी हे सर्व या सदराखाली येते. झोपेच्या अवस्था खरोखर मोजायच्या तर मेंदूतील विद्युतलहरी पाहाव्या लागतात. घड्याळ केवळ हालचाल आणि ठोके पाहून तर्क करते. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी दीड तास बसलो होतो, तो वेळ माझ्या घड्याळाने झोप म्हणून लिहून टाकला. त्या नोंदीला हरकत घ्यायला सभागृहात दुसरे कोणी जागे नव्हते. हसण्याची गोष्ट सोडली, तरी यात थोडा काळजीचा भागही आहे. झोपेच्या या गुणांची चिंता करकरून झोप उडालेली माणसे डॉक्टरांकडे येऊ लागली, तेव्हा २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी त्या अवस्थेला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नावच दिले. आमच्या घरी हे आकडे सूनबाईंच्या फोनवरही उमटतात. सकाळी मी प्रसन्न मनाने चहाला बसतो आणि त्या काळजीच्या स्वरात म्हणतात, “बाबा, तुमची झोप आज एकसष्टच टक्के झाली.” पुढचा सगळा दिवस मला उगाचच जांभया येत राहतात.

मुनिमाची पारख करताना आणखी एक गोष्ट पाहतात : तो पेढीच्या गोष्टी बाहेर बोलतो का? २०१८च्या जानेवारीत असे उघडकीस आले, की धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या एका प्रसिद्ध ॲपने जगभरच्या धावपटूंचे मार्ग एका नकाशावर प्रसिद्ध केले होते आणि त्यात परदेशांतील लष्करी तळांभोवतीच्या सैनिकांच्या फेऱ्याही स्पष्ट दिसत होत्या. आपल्या घरी लष्करी गुपिते नसतात. पण रोज पहाटे कोणत्या दारातून निघतो, किती वाजता निघतो आणि घर किती वेळ रिकामे असते, ही माहितीही चव्हाट्यावर मांडण्याची नाही. आपल्या नोंदी कोणाला दिसाव्यात आणि घराभोवतीचा भाग झाकावा की नाही, हे ॲपमध्ये ठरवता येते. आपण खतावणी दुकानाच्या पायरीवर उघडी ठेवतो का?

आता कापडवाल्या शेठांविषयी लिहितो. त्यांच्या संमतीनेच लिहीत आहे. वय ५८, गादीवर बसून चाळीस वर्षे व्यवसाय, मधुमेह बेताचा, उत्साह दांडगा. गेल्या पावसाळ्यापूर्वी आठवडाभर ते तळजाईच्या चढावर मध्येच थांबू लागले. थांबले की उजवा हात छातीवर ठेवत आणि डावे मनगट आम्हाला दाखवत. “बघा, ११८. ठोके एकदम व्यवस्थित. ॲसिडिटी असणार.” आम्ही सर्वांनी तो आकडा पाहिला. आकड्यात खरोखरच वावगे काही नव्हते. पाचव्या-सहाव्या दिवशी दवाखान्याच्या पाळीमुळे न येणारे डॉक्टर आले. त्यांनी मनगटाकडे पाहिलेही नाही. एवढेच विचारले, “शेठ, चढाला लागल्यावर दाटून येते आणि थांबलात की दोन मिनिटांत जाते, असे होते का?”

शेठ म्हणाले, “अगदी तसेच. पण घड्याळात तर...”

“घड्याळ राहू द्या. आता घरी जायचे नाही. माझ्याबरोबर चला.”

त्याच दिवशी तपासण्या झाल्या. दोन रक्तवाहिन्यांत मोठे अडथळे निघाले आणि वेळेवर स्टेंट बसवले गेले. आज शेठ पुन्हा टेकडीवर येतात, सध्या चालतात.

या प्रसंगात घड्याळ खोटे बोलले नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. ११८ हा आकडा बरोबरच असावा. पण ठोके किती पडतात हा एक प्रश्न, आणि हृदयाच्या स्नायूला रक्त पुरते का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मनगटावर होते. शेठ ते दुसऱ्याचे उत्तर समजत होते. काही घड्याळांत ईसीजीची सोय असते, आणि ठोक्यांची अनियमितता ओळखायला ती उपयोगी पडते. पण ती हृदयाकडे एकाच बाजूने पाहते. दवाखान्यातील ईसीजी बारा बाजूंनी पाहतो. हृदयविकाराचा झटका ओळखणे तिच्या कक्षेत येत नाही. म्हणून छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाटणे-भरून येणे, अकारण घाम, नेहमीच्या चढावर नवीनच लागलेली धाप, यांपैकी काही झाले तर मनगट न पाहता थांबावे आणि डॉक्टर गाठावा. त्रास थांबत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्त्रियांत आणि मधुमेहींत ही लक्षणे पुष्कळदा पुसट असतात, नुसता विलक्षण थकवा किंवा मळमळ म्हणून येतात. त्यांच्या बाबतीत तर अधिकच सावध असावे.

कॅश क्रेडिटची खाती सांभाळताना दर महिन्याला व्यापाऱ्यांकडून मालाचे विवरणपत्र येत असे. काही विवरणपत्रे इतकी सुबक असत की फ्रेम करून लावावीत. तरीही आम्ही अधूनमधून न कळवता गोदामात जात असू आणि थप्पीची पोती हाताने दाबून पाहत असू. त्यात व्यापाऱ्याचा अपमान नव्हता. कागद कागदाचे काम करतो, पोते पोत्याचे. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला आपल्या गोदामात चहा पाजलेला आहे, तेव्हा हे वेगळे सांगायला नको. मनगटावरचे विवरणपत्र रोज येते, सुबक येते, रंगीत येते. ते जरूर वाचावे. त्याच्यामुळे माझ्यासारखी कितीतरी माणसे पहाटे अंथरुणातून उठतात, हे त्याचे उपकार आहेत. पण दिवाळीला जशी शिल्लक मालाची प्रत्यक्ष मोजणी होते, तशी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून या देहाचीही करून घ्यावी. आणि रोजच्या धावण्यात गोदामातून काही आवाज आला, तर तो विवरणपत्रात नाही म्हणून दुर्लक्षू नये.

हे लिहीत असतानाच घड्याळाने मनगट थरथरवून सांगितले : ‘फार वेळ बसलात. उठा.’ आतून सौ.नेही हाक मारली, “वरण निवते आहे, उठा आता.” दोघांचा ताळमेळ पहिल्यांदाच जुळला आहे, तेव्हा आजच्यापुरते इथेच थांबतो.